मूल एका राज्यात, पालक दुसऱ्या राज्यात: वसतिगृहात रात्री ताप चढला तर निर्णय कोणाचा?

निवासी शाळांच्या प्रवेशाचा हंगाम आला की सीमाभागातल्या घरांत त्याच त्या चौकशा सुरू होतात. दहावीचा निकाल किती लागतो? इंग्रजी कसं आहे? जेवणात काय देतात? मैदान मोठं आहे का? नवोदय, सैनिक शाळा, मोरारजी देसाई निवासी शाळा, आश्रमशाळा, संस्थांची वसतिगृहं, पाचगणी-पन्हाळ्याकडच्या खासगी शाळा, सगळीकडे चौकशी याच क्रमानं होते. अर्जाच्या मागच्या बाजूला ‘मेडिकल’ असा एक भाग असतो. रक्तगट, अ‍ॅलर्जी, पूर्वीचं आजारपण आणि खाली सही. फी भरायच्या रांगेत, कुणाच्या तरी पाठीवर कागद ठेवून तो भरला जातो. पुष्कळदा तो मजकूर इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो आणि सही करणारा पालक मराठी वाचणारा असतो.

वर्षभरात एखाद्या रात्री मुलाला १०३ ताप चढतो, तेव्हा त्या पानावर काय लिहिलंय यावर पुढचं बरंच काही ठरतं. शाळेत ‘सिक रूम’ आहे का, एवढं विचारून भागत नाही. रात्री जागं कोण असतं, औषधाची किल्ली कोणाकडे असते आणि दवाखान्यात न्यायचा निर्णय कोण घेतं, हे तीन प्रश्न लेखी सुटलेत का, ते बघावं लागतं. सीमाभागात त्यात चौथा प्रश्न येतो: मुलाचं आरोग्य कार्ड ज्या राज्याचं आहे ते शाळेच्या गावात चालतं का?

एकच शाळा, दोन जबाबदाऱ्या

अनेक शाळांत डे आणि बोर्डिंग, दोन्ही प्रकारची मुलं एकाच वर्गात बसतात. दुपारी दोघांच्या पोटात दुखलं, तर डे स्कॉलरच्या घरी फोन जातो, आई किंवा काका येतात आणि घरी घेऊन जातात. तिथं शाळेची जबाबदारी बव्हंशी संपते. बोर्डिंगचं मूल मात्र तिथंच राहतं. रात्री किती वेळा उठलं, पाणी प्यायलं का, लघवी झाली का, ताप परत चढला का, हे बघायला घरी आई असते. वसतिगृहात ते काम रेक्टर किंवा मेट्रनकडे येतं, आणि त्यांच्यावर आणखी साठ-सत्तर मुलं असतात.

डेंग्यूचंच बघा. कर्नाटकानं सप्टेंबर २०२४ मध्ये डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केलं. या तापात खरी काळजीची वेळ ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येते. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मूल मलूल पडणं ही धोक्याची चिन्हं तेव्हाच दिसतात. ‘ताप गेला, उद्यापासून वर्गात’ हा साधा वाटणारा निर्णय इथं महागात पडतो. अंगदुखीवर कपाटातली ब्रुफेन काढून देणंही तसंच. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेनच्या जातीची औषधं देऊ नयेत. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सरकारी तपासणी कुठपर्यंत पोचते?

‘शाळेत दरवर्षी डॉक्टर येऊन तपासतात’ असं अनेक पालक समजून चालतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर इथून सुरू झाला. त्यात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता अशा फिरत्या पथकानं अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करायची असते. जन्मजात दोष, पोषणातल्या कमतरता, आजार आणि वाढीतले अडथळे शोधून पुढच्या उपचारासाठी पाठवणं हे या पथकाचं काम. हृदयाला छिद्र असलेली, ऐकू कमी येणारी मुलं अशा तपासणीतून सापडतात.

पण हा कार्यक्रम सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे. विनाअनुदानित खासगी निवासी शाळा त्याच्या बाहेर राहतात. आठवड्याची लोहाची गोळी (पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, त्यापुढच्यांना निळी) याच मार्गानं येते. २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली सुरू झालेला शालेय आरोग्य कार्यक्रम प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करायला सांगतो. तोही सरकारी-अनुदानित शाळांतूनच सुरू झाला.

दुसरी गोष्ट, वर्षातून एकदा झालेली तपासणी म्हणजे आजारपणातली देखभाल नव्हे. तपासणी पथक दुपारी येतं आणि संध्याकाळी जातं. दम्याचा झटका पहाटे येतो. महाराष्ट्रात आदिवासी आश्रमशाळांतल्या विद्यार्थ्यांच्या मृत्यूंवरून २०१६ मध्ये मोठा गदारोळ झाला. आरोग्य खात्याचे माजी महासंचालक डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीनं त्याचा अभ्यास केला. मुलं शाळेत असताना आजार वेळेवर ओळखणं आणि वेळेवर दवाखान्यात पोचवणं, चर्चा सगळी याभोवतीच फिरत होती.

रात्रीचा हिशेब

फी पावतीवर ‘वैद्यकीय शुल्क’ असा एक आकडा असतो. त्यात काय येतं, हे विचारणारे पालक थोडे. काही ठिकाणी तो फक्त प्रवेशाच्या वेळच्या तपासणीचा असतो. काही ठिकाणी किरकोळ औषधं त्यात धरलेली असतात आणि रक्त तपासणी, एक्स-रे, गाडीभाडं वेगळं लागतं. काही ठिकाणी तो डिपॉझिट असतो आणि वर्षअखेर हिशेब मिळायला हवा.

चोवीस तास नर्स ठेवणं परवडत नाही, असं लहान संस्था सांगतात. हिशेब मांडून बघू. तीन पाळ्या आणि रजा-सुट्टीला एक, अशा चार नर्स लागतात. एकीचा पगार महिना २५ हजार धरला तर महिन्याला एक लाख, वर्षाला १२ लाख. वसतिगृहात ३०० मुलं असतील तर डोईवर वर्षाला ४,००० रुपये. शाळेचे दहा महिने धरले तर महिन्याला ४०० रुपये. मोठ्या फीच्या शाळेला हा आकडा जड नाही. ६० मुलांच्या वसतिगृहाला मात्र हाच खर्च डोईवर २०,००० पडतो आणि तिथं अडचण खरी आहे.

अशा ठिकाणी दुसरा मार्ग निघतो. रात्रीपुरती एक प्रशिक्षित व्यक्ती, जवळच्या डॉक्टरशी लेखी करार, दारात गाडी आणि गाडी चालवणारा माणूस, आणि ‘या लक्षणांवर वाट बघायची नाही’ अशी भिंतीवर लावलेली यादी. नवोदय विद्यालयांच्या रचनेत स्टाफ नर्सचं पद आहे. खासगी शाळेनं निदान तेवढं तरी दाखवावं, ही अपेक्षा जास्त नाही.

सही कोणाची चालते?

रात्री दोनला अपेंडिक्सचं दुखणं निघालं, सर्जन म्हणतात लगेच ऑपरेशन करावं लागेल, आणि वडिलांचा फोन लागत नाही. चंदगड आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज नसणं नवीन नाही. अशा वेळी रेक्टर घाबरतो, दवाखाना कागद मागतो, वेळ जातो.

कायदा इथं वाटतो तितका आडवा येत नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य, मग दवाखाना सरकारी असो की खासगी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३० सांगतं, की संमती वेळेत मिळणं शक्य नसेल तर रुग्णाच्या भल्यासाठी चांगल्या हेतूनं केलेली कृती गुन्हा ठरत नाही. म्हणजे जिवावर बेतलेल्या प्रसंगी सहीसाठी थांबायची गरज नाही.

घोळ होतो तो मधल्या प्रसंगांत. हाड मोडलंय, जखमेला टाके घालायचेत, दोन दिवस अ‍ॅडमिट करायला सांगितलंय. जीव धोक्यात नाही, पण थांबूनही चालत नाही. यासाठी प्रवेशाच्या वेळीच संमतीपत्र हवं. शाळा स्वतःच्या अधिकारात काय करू शकते, कशासाठी आधी फोन करायचा, किती वेळ फोन लागला नाही तर मुख्याध्यापकांनी निर्णय घ्यायचा, आणि पालकाऐवजी जवळपासचा कोणता नातेवाईक चालेल, हे सगळं त्यात असावं. ‘कोणत्याही आजारपणास शाळा जबाबदार राहणार नाही’ असं एक वाक्य लिहून सही घेतली, की काम झालं असं काही ठिकाणी मानतात. तसं होत नाही. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. पालकाच्या सहीनं तो पुसला जात नाही.

कार्ड हद्दीवर अडतं

राज्यघटनेत शिक्षण समवर्ती सूचीत आहे, तर सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने राज्याच्या सूचीत. त्यामुळे परराज्यात प्रवेश सहज मिळतो, पण उपचाराची सवलत सोबत जाईलच असं नाही.

चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर, तर बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. निपाणीचं उलट, तिथून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. मुलांची शाळा आणि दवाखाना या अंतरांवर ठरतो. सरकारी योजना मात्र रहिवासावर ठरतात. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, कर्नाटकाची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, प्रत्येकीची अट वेगळी. गोव्याच्या योजनेला किमान पाच वर्षांचा रहिवास लागतो. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क सुरू झालं, तेव्हा सिंधुदुर्ग आणि बेळगावच्या लोकांना त्याची झळ लगेच कळली. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं २०२३ मध्ये फुले योजना देऊ केली आणि कर्नाटक सरकारनं त्याला आक्षेप घेतला, हेही वाचकांना ठाऊक आहे.

केंद्राच्या आयुष्मान भारत पीएम-जय योजनेत एक फायदा आहे. पात्र कुटुंबाचं कार्ड देशभरातल्या योजनेत सामील असलेल्या दवाखान्यांत चालतं. वसतिगृहातल्या मुलाचं नाव त्या कार्डावर आहे का, ई-केवायसी झालं आहे का, हे घर सोडण्याआधी बघून घेतलं पाहिजे. पण ही योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. वसतिगृहातली बहुतेक दुखणी, म्हणजे ताप, रक्ततपासणी, टाके, दाताचं दुखणं, ओपीडीतच संपतात आणि तिथं खिशातून पैसे जातात. शाळेचा गट विमा असेल तर तो फक्त अपघाताचा आहे की आजारपणाचाही, हे पॉलिसीच्या कागदावर बघावं. तोंडी ‘इन्शुरन्स आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये.

हद्दीचा आणखी एक धोका पैशाशी संबंधित नाही. माकडतापाचे रुग्ण सत्तरी आणि दोडामार्ग भागात सापडलेले आहेत. काजूच्या हंगामात घरी जाऊन आलेल्या मुलाला आठवडाभरात दूरच्या शहरातल्या शाळेत ताप आला, तर तिथल्या डॉक्टरांच्या डोक्यात हा आजार येईलच असं नाही. मुलाच्या आरोग्य पत्रकावर मूळ गाव आणि घरून परतल्याची तारीख असेल तर डॉक्टरांना दिशा मिळते.

कपाटाची किल्ली

मुलांनी स्वतःजवळ औषधं ठेवायची नाहीत, हा नियम बहुतेक वसतिगृहांत असतो आणि तो योग्यच आहे. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो. दोन मित्रांनी दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या दिल्या तर एकच औषध दुप्पट जाऊ शकतं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं दूषित खोकल्याच्या औषधानं दगावली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. ती मुलं वयानं लहान होती. पण कपाटातली बाटली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय काढायची नाही, हा धडा वसतिगृहांनाही लागू आहे.

या नियमाला अपवाद मात्र लेखी हवेत. दम्याचा पंप कुलपात ठेवून चालत नाही, तो मुलाच्या खिशात हवा. टाइप-१ मधुमेहाच्या मुलाला इन्सुलिन, ग्लुकोमीटर आणि साखर हाताशी लागते, रात्रीसुद्धा. सीबीएसईनं २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ सोबत ठेवायची परवानगी दिली. उत्तर प्रदेशानं २०२३ मध्ये शाळांना आदेश काढून वर्गात साखर तपासायला आणि इन्सुलिन घ्यायला मुभा दिली. फिट येणाऱ्या मुलाबाबत काय करायचं, आणि तोंडात चमचा किंवा कांदा कोंबायचा नाही हेसुद्धा, खोलीतल्या मुलांना आणि रेक्टरला सांगून ठेवावं लागतं.

साथ आली की

कांजिण्या, गालगुंड, डोळे येणं, खरूज ही वसतिगृहाची नेहमीची दुखणी. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत आणि गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस मूल वेगळं ठेवायचं असतं. खरजेला एकट्या मुलावर उपचार करून उपयोग नाही. खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावावं लागतं, अंथरुणं-कपडे गरम पाण्यात धुवावे लागतात. नाहीतर ती वर्षभर फिरत राहते.

पण सोपा उपाय म्हणून मुलाला एसटीनं किंवा वडापनं घरी धाडलं जातं. साथ मग गाडीतून गावात जाते आणि आजारी मुलाची फरफट होते ती वेगळीच. घरी पाठवायचं की इथंच वेगळं ठेवायचं, कोणाच्या सल्ल्यानं, आणि पाठवायचं तर सोबत कोण, हे धोरणात असलं पाहिजे. एकाच आठवड्यात अनेक मुलं आजारी पडली तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवणं आणि पालकांना त्याच दिवशी निरोप देणं गरजेचं आहे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून दडवलेली गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर संध्याकाळपर्यंत पोचतेच, आणि तीही तिखटमीठ लावून.

न दिसणारं दुखणं

वारंवार पोट दुखणं, झोप न लागणं, जेवण टाकणं या तक्रारींमागे कधी घरची आठवण असते, कधी रॅगिंग, कधी त्याहून वाईट काही. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सुकदेव साहा खटल्यात दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, वसतिगृहात मदत क्रमांक ठळक लावायला हवेत आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायला हवं. टेलि-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन क्रमांक भिंतीवर आहेत का, हे पालक भेटीच्या रविवारी डोळ्यांनी बघू शकतात. मूल समुपदेशकाशी मराठीत बोलू शकतं का, हाही प्रश्न सीमाभागात विचारला पाहिजे. दुखणं मातृभाषेत जितकं सांगता येतं तितकं दुसऱ्या भाषेत येत नाही.

पालकांचीही बाजू तपासा

सगळा दोष शाळांवर टाकणं बरोबर नाही. प्रवेश नाकारतील या भीतीनं फिट, दमा, अंथरूण ओलं करणं या गोष्टी पालक अर्जात लपवतात. जुनी फाइल घरी ठेवतात. लसीचं कार्ड हरवलेलं असतं. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस अनेकांच्या लक्षातही नसते. रेक्टरला मुलाचा आजार माहीतच नसेल तर रात्री तो काय करणार? दुसरीकडे, आजार सांगितला म्हणून प्रवेश अडवणाऱ्या शाळा पालकांना खोटं लिहायला शिकवतात. सैनिकी शाळांत वैद्यकीय पात्रता हा प्रवेशाचाच भाग असतो, तो वेगळा विषय. इतर शाळांनी ‘सांगा, त्यानुसार व्यवस्था करू’ असं लेखी दिलं तर खरी माहिती मिळेल.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

– रात्री दहा ते सकाळी सहा आजारी मुलाजवळ कोण असतं? त्यांचं प्रशिक्षण काय?
– जवळचा दवाखाना कोणता, तिथं पोचायला किती वेळ लागतो, गाडी रात्री शाळेतच असते का?
– कोणत्या आजारपणात पालकांना लगेच फोन, आणि कोणत्या वेळी दुसऱ्या दिवशी?
– दिलेल्या प्रत्येक औषधाची वेळ आणि मात्रा वहीत लिहितात का? ती वही पालकांना बघायला मिळते का?
– वैद्यकीय शुल्कात काय येतं, विमा कशाचा, आपलं कार्ड शाळेच्या गावातल्या कोणत्या दवाखान्यात चालतं?
– संमतीपत्र मराठीत मिळेल का?

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं २०१८ मध्येच मुलांच्या वसतिगृहांसाठी नियामक मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. कागदाची कमतरता नाही. त्या आपल्या तालुक्यातल्या वसतिगृहांत कितपत पाळल्या जातात, हे गटशिक्षणाधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांनी वर्षातून एकदा एकत्र जाऊन बघितलं, तर बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर येतील. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना त्यासाठी सीमावाद मिटायची वाट बघायची गरज नाही. आणि पालकांना तर त्यांचीही नाही. वरचे प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. ज्या शाळेकडे उत्तरं तयार आहेत ती सांगायला कचरत नाही, आणि जी कचरते तिचं उत्तर तिथंच मिळालेलं असतं.